गार्ड होता की नव्हता

सर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं मराठी दुरुस्त केलं. मी म्हणाले होते, "मतलब, मी इथंच जन्मली." ते हसून म्हणाले की 'मतलब' नको, 'म्हणजे' म्हणावं, आणि 'जन्मली' नव्हे, 'जन्मले'. मी तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वडिलांच्या रेल्वेतल्या ओळखी सोडल्या तर जयपुरात मराठी बोलणारं माणूस मला क्वचितच भेटायचं. त्यामुळे राग आला नाही, उलट कुणीतरी आपल्याला शिकवतंय म्हणून बरं वाटलं. पुढे सहा वर्षं मी त्यांच्याकडून शिकत राहिले. त्या सहा वर्षांबद्दल मी आता लिहिते आहे, आणि आधीच सांगून ठेवते की माझ्या मनात त्यांच्याबद्दल माया उरलेली नाही. माझ्या स्वतःबद्दलही थोडीच आहे.

माझे वडील अकोल्याकडचे. रेल्वेत फिटर होते. बदली होऊन जयपूरला आले, डब्यांच्या देखभालीच्या डेपोत तेवीस वर्षं राबले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. घरात वऱ्हाडी, गल्लीत हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी, असं माझं चालायचं. आम्ही बौद्ध. कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा वर्गातल्या मुलींना माझं नाव कळायच्या आधी मी 'कोटेवाली', म्हणजे आरक्षणातून आलेली, आहे हे कळलं होतं. मी तोंड उघडण्याआधीच त्या एका शब्दानं माझी हुशारी, माझे मार्क, माझं बसणं-उठणं सगळं ठरवून टाकलं होतं.

सरांचं घर जवाहर नगरात होतं. ते मूळचे पुण्याचे, विद्यापीठात शिकवायचे आणि एका खासगी संशोधन संस्थेचे प्रमुखही होते. दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण त्यांच्या बैठकीत जमायचो. तिथे ते आम्हाला उत्तराधुनिक विचार समजावून द्यायचे. सोपं करून सांगायचं तर तो असा: सगळ्यांना लागू पडणारं एकच मोठं सत्य आपल्यापाशी आहे असं जो म्हणतो त्याच्याकडे संशयानं बघा. प्रगती, परंपरा, विज्ञान या कुणीतरी रचून सांगितलेल्या कथा आहेत. शब्द वस्तूला नुसतं नाव देत नाही, तिला घडवतो. आणि ज्याच्या हातात सत्ता असते त्याचाच शब्द चालतो.

हे ऐकून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, हे मी आजही नाकारत नाही. 'कोटेवाली' हा शब्द मला घडवत होता आणि तो कुणीतरी रचला होता, हे कळल्यावर मी वर्गात मान वर करून बसायला लागले. एकदा जेवताना मी वडिलांना हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते भाकरी मोडत म्हणाले, "हे तं तुह्या आज्यालेबी मालूम होतं. पोथी कोनं लिवली हे आंधी पाह्यलं पायजे, मंग वाचली पायजे." मला वाटलं, यांना त्यातली खोली कळली नाही.

एम.ए. झाल्यावर सरांनी मला संस्थेत घेतलं. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या छोट्या कारखान्यांत होणाऱ्या अपघातांचा अभ्यास करायचा होता. कारखान्यांत जायचं, तासन्‌तास बसायचं, लोकांशी बोलायचं आणि रोज डायरी लिहायची, हे माझं काम. सीकर रोडवर बसमधून उतरून मी शेडमागून शेड हिंडायचे. कुठे पत्रा कापला जात होता, कुठे प्लास्टिक वितळत होतं, कुठे तारेच्या जाळ्या विणल्या जात होत्या.

या कामात सरांची शिकवण एकदा फार उपयोगी पडली. जरा मोठ्या कारखान्यांत अपघातांचं रजिस्टर ठेवलेलं असायचं. मी ते चाळत असताना माझ्या लक्षात आलं की वेल्डर असो, झाडूवाला असो की प्रेसवरचा माणूस, प्रत्येकाच्या नावापुढे एकच वाक्य आहे: 'कर्मचारी की लापरवाही से हाथ मशीन में आ गया.' झाडूवाल्याचा तर पाय मोडला होता, तरी हातच लिहिलेला. दुसऱ्या कारखान्यात गेले, तिथेही तेच वाक्य. त्या वाक्यात मशीन काहीच करत नव्हतं, मालक कुठेच नव्हता, जे काही करत होता ते कामगाराचा हात. ही नोंद कोण करतं असं विचारलं तर ऑफिसातला हिशेबनीस म्हणाला, तो करतो. शेडमध्ये तो कधी पाऊलही टाकत नसे. "यही लिखते हैं, मॅडम. फॉर्मेट है," तो म्हणाला, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंही नाही. त्या दिवशी मी घरी आले ती तरंगतच. नुसत्या वाक्याची रचना पाहून मी अन्याय पकडला होता. सरांनी ती नोंद रविवारच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवली.

याच सुमारास मी बिजागऱ्या करणाऱ्या एका लहान कारखान्यात जायला लागले. पाच पॉवर प्रेस होत्या. पत्र्याची पट्टी साच्यावर सरकवायची, पायानं पेडल दाबायचं, वरून लोखंडी ठोकळा येतो आणि तुकडा कापून पडतो. दारापासून तिसऱ्या प्रेसवर एक बाई काम करायची. पस्तिशीची असेल. गाव दौसाकडचं, नवरा ई-रिक्षा चालवायचा, दोन मुली. ती कमी बोलायची, पण मी जवळ स्टूल घेऊन बसले तर तिची हरकत नसे. मला ती मॅडमजी म्हणायची आणि मी तिला दीदी.

प्रत्येक प्रेसला एक गार्ड होता. ठोकळा खाली येताना हाताच्या आड यावी अशी ती लोखंडी जाळी. पाचही मशिनांवर ती वर उचलून तारेनं बांधून टाकलेली होती. मी दीदीला विचारलं तेव्हा तिनं मान न वळवता सांगितलं की जाळी खाली असली तर पट्टी सरकवायला वेळ लागतो आणि दिवसाचे नग भरत नाहीत. सकाळी सुपरवायझर स्वतः तार आवळून जातो. मी डायरीत तारीख, वेळ, मशीन कितवं, चालवतंय कोण आणि गार्ड कसा बांधलाय ते सगळं लिहिलं. त्याच्या बाजूला एक छोटं चित्रही काढलं.

दोनेक महिन्यांनी, मे महिन्यात, तिच्या शेजारणीचा फोन आला. मी सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा दीदी भिंतीकडे तोंड करून पडली होती. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं होतं. मशीननं एकदा पेडल दाबल्यावर दोनदा ठोका मारला, एवढं तिनं सांगितलं. "डबल मार गई." मग डोळे मिटून घेतले. मी तिच्या पायाशी बसून राहिले. तिची धाकटी मुलगी कॉटच्या दांड्याला धरून उभी होती आणि आईच्या पट्टीकडे न बघता सारखी माझ्याकडे बघत होती.

कारखान्यानं आठ दिवसांत आपली बाजू ठरवली. ती बाई आमच्याकडे कामाला होती खरी, पण अपघाताच्या आधीच काम सोडून गेली होती. बोटं घरी कुट्टीच्या मशीनमध्ये, म्हणजे जनावरांचा चारा कापायच्या यंत्रात गेली. दवाखान्यात नेणाऱ्या सुपरवायझरनं केसपेपरवरही तेच लिहवून घेतलं होतं. दीदी एका खोलीत भाड्यानं राहायची. गाय-म्हैस सोडा, तिच्याकडे बांधायला शेळीसुद्धा नव्हती.

अहवालाची वेळ आली. मी पहिला मसुदा लिहिला त्यात एक परिच्छेद असा होता की या कारखान्यात पाचही प्रेसचे गार्ड तारेनं बांधलेले मी स्वतः पाहिले, ही बाई तिसऱ्या प्रेसवर काम करताना मी अनेकदा पाहिली आणि चारा कापायच्या यंत्राची गोष्ट खोटी आहे. सरांनी तो परिच्छेद लाल पेनानं गोल केला आणि मला बोलावलं.

"हे कुणी पाहिलं?" त्यांनी विचारलं.

"मी पाहिलं."

"तू पाहिलंस म्हणजे एका विशिष्ट जागेवरून पाहिलंस. ती जागाही तपासायला हवी. तू फिटरची मुलगी आहेस. तुला गार्ड दिसणारच."

मला राग यायला हवा होता. आली ती लाज. वाटलं, आपण अजून किती कच्चे आहोत, डोळ्यांना दिसलं की खरं मानून चाललो. सर समजावत होते. मालकाची एक कथा आहे, तशी बाईची एक कथा आहे, केसपेपरची एक आहे. त्यातली एक उचलून ती खरी असं म्हटलं की आपण न्यायाधीश होतो, आणि न्यायाधीश होणं म्हणजे पुन्हा सत्तेच्या खुर्चीत बसणं. आपलं काम या कथा कशा रचल्या जातात ते दाखवण्याचं.

मी घरी गेले आणि दोन दिवस खपून तो परिच्छेद नव्यानं लिहिला. अहवाल हिंदीत होता. त्यातल्या वाक्याचं मराठी असं होईल: 'अपघात नेमका कुठे आणि कशामुळे झाला हे ठरवणं हा या अभ्यासाचा हेतू नाही, कारखाना, कामगार आणि दवाखाना यांची कथनं सारख्याच दर्जाची आहेत, आणि त्यांच्या पलीकडे एकच एक सत्य आहे असं धरून चालणं हीसुद्धा एक प्रकारची हिंसाच आहे.' हे वाक्य सरांनी लिहिलेलं नाही, मी लिहिलं. 'हिंसा' हा शब्द सुचला तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या. सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "आता तू लिहायला लागलीस."

अहवालाचं प्रकाशन जयपूरबाहेर कानोत्याच्या धरणाजवळच्या एका फार्महाउसवर झालं. दिल्लीहून काही प्राध्यापक आले होते. दीदीलाही बोलावलं होतं, तिचा आवाज तिच्याच तोंडून ऐकला जावा म्हणून. मीच तिला रिक्षातून घेऊन गेले. ती लग्नाला जाताना नेसतात तसली साडी नेसून आली होती आणि हात पदराखाली होता. एका पाहुण्या बाईंनी तिला फार मायेनं विचारलं की या नसलेल्या बोटांशी तुमचं नातं काय आहे. प्रश्न मला हिंदीत सोपा करून सांगावा लागला. दीदीनं थोडा विचार केला आणि सांगितलं की पोळी लाटताना वाकडी होते. सगळे गंभीरपणे मान हलवत लिहून घेऊ लागले. जेवताना तिनं मला एवढंच विचारलं की या लोकांपैकी कुणी कारखान्यात जाळी बसवायला सांगू शकतं का. मी म्हटलं, बघते.

मी काहीच बघितलं नाही. पुढच्या अभ्यासाचा अर्ज तयार करण्यात गुंतले होते.

दीदी स्वतःच कामगारांच्या एका संघटनेकडे गेली. त्यांच्या वकिलानं कामगार कार्यालयात अर्ज केला. ती त्या दिवशी त्या कारखान्यात, त्या मशीनवर होती हे मान्य व्हावं आणि मशीन धोकादायक ठेवल्याची नोंद व्हावी, अशी मागणी होती. भरपाई त्यावरच अवलंबून होती. वकिलानं मला साक्षीला बोलावलं तेव्हा मी आनंदानं हो म्हटलं. आपण लोकांच्या बाजूचे आहोत याची मला खात्री होती.

सुनावणी कामगार कार्यालयातल्या एका अंधाऱ्या खोलीत, तिथल्या अधिकाऱ्यांसमोर होती. टेबलावर फायली, मागे कूलरचा आवाज. मी सांगितलं की मी या बाईंना त्या मशीनवर काम करताना पाहिलं आहे. मग मालकाचे वकील उठले. वयस्क, नम्र गृहस्थ होते. त्यांनी पिशवीतून आमचा अहवाल काढला. त्याला त्यांनी पिवळ्या कागदाची खूण लावून ठेवली होती. माझं वाक्य त्यांनी सावकाश, एकेका शब्दावर थांबत वाचलं, 'हिंसा' या शब्दापर्यंत. मग अहवाल अधिकाऱ्यांच्या हातात दिला आणि म्हणाले की आम्ही वेगळं काय म्हणतो आहोत? अभ्यास करणाऱ्या मॅडमच म्हणतात की आमची बाजू तेवढ्याच दर्जाची आहे.

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "ये आपने लिखा है?"

"जी."

"तो आपको मालूम है, या नहीं मालूम?"

मी सांगायला लागले की ते वाक्य अभ्यासाच्या पद्धतीबद्दल आहे, त्याचा संदर्भ वेगळा आहे, त्यात सत्य नाकारलेलं नाही, त्याच्या एकपणाबद्दल प्रश्न उभा केला आहे. माझं मलाच ऐकू येत होतं. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. वकील मला अडवायलाही उठले नाहीत. त्यांना गरजच नव्हती.

बाहेर व्हरांड्यात दीदी बाकावर बसली होती. ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती माझ्याकडे बघून नुसतं म्हणाली, "मॅडमजी, आप तो मेरे पास बैठी थीं."

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगावं लागलं, कारण चेहऱ्यावरून त्यांना कळलंच होतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. दोनदा ठोका बसला म्हणजे मशीनचा क्लच गेलेला असणार, हे त्यांना लगेच कळलं. मग त्यांनी विचारलं, "मले एक सांग. गार्ड होता का नोता?"

"होता. पण वर बांधलेला होता."

"मंग थेच लिवाचं होतं नं, बाई. अजून काय लिवाचं असते?"

मी रडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही. ते उठून बाहेर गेले. मला वाटतं त्यांना माझी लाज वाटली होती, आणि तशी वाटणं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. माझी डायरी संस्थेच्या कपाटात होती. करारानुसार ती संस्थेची. मला त्यातली दोन पानं हवी होती. सर म्हणाले, देता येणार नाही. त्या डायरीत इतर कामगारांची नावं आहेत, ती बाहेर गेली तर त्यांची कामं जातील. हे म्हणणं चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, नावं झाकून फक्त दोन पानं द्या. तेव्हा ते म्हणाले की मुद्दा तो नाही, मी ज्ञान आणि कोर्टकचेरी यांची गल्लत करते आहे. डायरी हादेखील एक रचलेला मजकूरच आहे, तिला पुरावा म्हणणं हा आपल्या सहा वर्षांच्या कामाचा पराभव आहे.

मी विचारलं, "सर, गार्ड बांधलेला होता की नव्हता?"

"हा प्रश्नच चुकीचा आहे."

त्यांच्या खिडकीतून शेजाऱ्याची नवी भिंत दिसत होती. त्या भिंतीबद्दल सरांनी महापालिकेकडे केलेली तक्रार आदल्या वर्षी मीच टाइप केली होती. शेजाऱ्यानं सात इंच अतिक्रमण केलं होतं. अर्जाला नकाशा जोडला होता, टेप लावून काढलेले फोटो होते, प्रत्येक फोटोवर तारीख होती. शेजाऱ्याची कथा त्यात कुठे नव्हती आणि सात इंच कुठल्या जागेवरून मोजले याची चर्चाही नव्हती. मी हे त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले की मी हल्ली फार व्यक्तिगत होते आहे.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मी संस्थेतलं कपाट उघडलं. किल्ली नेहमी टेबलाच्या खणात असायची. ती दोन पानं मोबाइलवर घेतली, बाकी कामगारांची नावं झाकली आणि डायरी जागेवर ठेवली. संघटनेच्या वकिलानं त्याला शपथपत्र जोडलं. संस्थेला कळायला वेळ लागला नाही. संशोधनाच्या नीतीचा भंग केल्याचं पत्र आलं आणि माझा करार पुढे वाढवला नाही. रविवारच्या बैठकीतल्या मित्रमैत्रिणींपैकी एकीनं फोन केला. मी सरांना दुखवायला नको होतं, असं तिला वाटत होतं. दीदीच्या बोटांचा विषय तिनं काढला नाही.

दुसऱ्या सुनावणीला तेच नम्र वकील होते. या वेळी त्यांच्या एका हातात अहवाल होता, दुसऱ्या हातात माझं शपथपत्र. त्यांनी विचारलं की अहवालात आपण लिहिलंत की सत्य ठरवता येत नाही, आणि आता शपथेवर सांगता की ठरवता येतं. या दोन्हींतलं खोटं कुठलं?

मला माहीत होतं की हा सापळा आहे. खोटं लिहिलं असं कबूल केलं तर माझ्या शब्दाला पुढे काय किंमत राहणार? पण दुसरं उत्तर नव्हतं.

"पहलेवाला," मी म्हणाले. "वो वाक्य झूठ था. मैंने ही लिखा था. मैं जानती थी कि गार्ड बँधा हुआ था."

खोलीत काही घडलं नाही. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. वकिलांनी मान झुकवली आणि बसले. मी दीदीकडे पाहिलं. ती फायलींच्या ढिगाकडे बघत होती.

आज मी त्याच संघटनेत काम करते. कामगारांचे अर्ज लिहिते. नोंद कुणी केली, कुठल्या वाक्यात माणूस आहे आणि कुठल्या वाक्यातून मालक गायब आहे, हे बघायची सवय मला रोज उपयोगी पडते, आणि ती सवय सरांच्या बैठकीतली आहे. बलवानाच्या कागदावर संशय घ्यायला तो विचार उत्तम आहे. पण त्या बैठकीत संशय कुठे थांबवायचा हे कुणी शिकवलं नाही, कारण थांबायची वेळ तिथल्या कुणावर कधी आलीच नव्हती. मालकाला सत्य ठरलं नाही तरी चालतं, त्याचा कारखाना सुरूच असतो. ज्याचा हात गेला आहे त्याच्यापाशी घडलेल्या गोष्टीवाचून दुसरं काही नसतं, आणि आम्ही तीच काढून घेतली. वर त्याला नम्रता म्हटलं. मला अजूनही चीड येते ती या नम्रतेची. सर आता हे प्रकरणच घेऊन एक निबंध लिहीत आहेत, असं ऐकते. त्यात माझ्या साक्षीला ते काय म्हणतील याचा अंदाज मला आहे, पण तो निबंध मी वाचणार नाही.

निकालाची प्रत मीच दीदीच्या खोलीवर घेऊन गेले. ती आता मसाल्याच्या पुड्या भरायच्या कामाला जायची. डाव्या हातानं पुडी धरायची, उजव्याच्या उरलेल्या बोटांनी दाबायची. संध्याकाळची वेळ होती. थोरली मुलगी चुलीपाशी होती, धाकटी अभ्यास करत होती. दीदीनं मला पाणी दिलं आणि वाचायला सांगितलं. अपघाताच्या दिवशी ती कारखान्यात कामावर होती आणि इजा तिथेच झाली, हे मान्य झालं होतं. ती ओळ तिनं दोनदा वाचायला लावली. मग तिनं जाळीचं काय म्हणून विचारलं.

मी पुढचं वाचलं. गार्डबाबत दोन्ही पक्षांची कथनं परस्परविरोधी असल्यामुळे निश्चित निष्कर्ष काढता येत नाही.

मग तिनं विचारलं, "ये भी आपने लिखा है?"

मी नाही म्हणाले. हे अधिकाऱ्यांनी लिहिलं आहे.

"लगता तो आपका ही है," ती म्हणाली. कागद माझ्या हातातून घेऊन तिनं त्याची घडी घातली, तो मुलीच्या दप्तरातल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि थोरलीला म्हणाली की मॅडमजींना उशीर होतोय, दारापर्यंत दिवा धर.